अकराशे पंचेचाळीस दिवस

सोमवारी सकाळी ठमीनं पर्स खुंटीला अडकवली, संगणक सुरू केला आणि आलेली पहिलीच सूचना उभ्यानं दोनदा वाचली. मग खुर्ची ओढून बसली आणि तिसऱ्यांदा वाचली. तसं पाहिलं तर अशा सूचना रोज येतात. जगात कुठं ना कुठं कुणाच्या तरी प्रोग्रॅमला भोक सापडतंच, आणि "बघू दुपारी" म्हणून ते बाजूला ठेवायची सवय या धंद्यातल्या सगळ्यांना असते, ठमीलाही होती. ही सूचना मात्र बाजूला ठेवण्यातली नव्हती.

ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चव्वेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, ऑफिसात बहुतेक सगळे तिला अहो-जाहो करायचे. ठमी म्हणायचे ते एकटे तिचे काका, आणि त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून तीही मनातल्या मनात स्वतःला ठमीच म्हणायची, विशेषतः हातून काही चुकलं की.

तर ठमीचं काम असं. शहरात अकरा रक्तपेढ्या, त्यांचा एक संघ. कुठल्याही इस्पितळातली नर्स संगणकावर रक्तपेढीचं नाव टाकते आणि कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत ते तिला दिसतं. पण यंत्राला नाव कळत नाही, त्याला नंबर लागतो. अमक्या नावाचा नंबर अमका, हे सांगणारं जे यंत्र असतं तो नेमसर्व्हर, आणि तो ठमी सांभाळायची. तो गप्प बसला तर रक्तपेढी जागच्या जागी, पिशव्या शीतकपाटात, माणसं कामावर, आणि तरी तिथवर कुणी पोचत नाही. एरवी या कामाला कुणी काम म्हणत नसे. तिचा नवराच म्हणायचा, "तू दिवसभर लोकांना पत्ते सांगत बसतेस, एवढंच ना?" आणि तिलाही ते फारसं खोडून काढता येत नसे.

सूचनेत म्हटलं होतं की नेमसर्व्हर चालवणारा प्रोग्रॅम एका ठरावीक वाकड्या प्रश्नापुढे मान टाकतो. पूर्वी कुणाला नेमसर्व्हर पाडायचा असेल तर लाखो खोट्या प्रश्नांचा लोंढा सोडावा लागे. आता एक प्रश्न पुरे होता. दुरुस्त केलेली आवृत्ती सूचनेसोबतच आली होती. ठमीनं चाळीस मिनिटांत ती आपल्या सर्व्हरवर चढवली, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, सगळी उत्तरं नीट येताहेत हे पाहिलं आणि मग काकांना फोन लावला.

कारण दुसरा नेमसर्व्हर काकांकडे होता. एक पडला तर दुसऱ्यानं सांभाळावं म्हणून दोन ठेवतात, आणि तेही दोन वेगळ्या इमारतींत. काका म्हणजे तिच्या वडिलांच्या पाठचे. कॉलेजातला संगणक विभाग त्यांनी उभा केला, ठमीला या धंद्यात त्यांनीच आणलं, पहिला सर्व्हर तिनं त्यांच्या शेजारी बसून उभा केला. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती तरी प्रयोगशाळेच्या मागची एक खोली कॉलेजनं त्यांना ठेवू दिली होती. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलेलं, "रक्तपेढ्यांचं यंत्र चालू आहे तोवर खोली तुमची. त्यानंतर आम्हाला जागा लागेल." त्यामुळे काका अजून रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचे. काकूंना त्याचं काही वाटत नसे. "घरी बसले की साखरेचा डबा उघडून बघतात किती उरली ते," त्या म्हणायच्या. "त्यापेक्षा ते तिकडंच बरे."

आणि काकांची ही खोली म्हणजे कुणी उपकार म्हणून दिलेली नव्हती, हेही सांगायला हवं. गेल्याच महिन्यात ठमीच्या सर्व्हरवर खोट्या प्रश्नांचा लोंढा आला होता. दोन तास तिचं यंत्र हतबल होऊन बसलं, आणि अकराच्या अकरा रक्तपेढ्या काकांच्या एकट्या म्हाताऱ्या यंत्रानं ओढल्या. संघाच्या मोठ्या मॅडमनी त्यांना फोन करून आभार मानले होते. ते आभार काकांनी घरी काकूंना तीनदा सांगितले.

"वाचलं का काका, आजचं?" ठमीनं विचारलं.

"वाचलं. मला काय विचारतेस? तुझा केलास का?"

"झाला. तुमचा?"

"करतो गं. आत्ताच आलोय, श्वास तर घेऊ दे."

मंगळवारी दुपारी तिनं पुन्हा विचारलं. काका म्हणाले, "केलं." एकच शब्द. नेहमी ते असं काही केलं की अर्धा तास सांगत बसायचे, कुठं अडलं, कुणी मूर्खासारखं काय लिहून ठेवलं होतं, आपण कसं सोडवलं. या वेळी "केलं" म्हणाले आणि काकूंच्या गुडघ्याकडे वळले. ठमीच्या मनात काहीतरी खुट्ट झालं. पण काकांना "खरंच?" म्हणून विचारायचं म्हणजे काय? ज्यांनी हाताला धरून शिकवलं त्यांची परीक्षा घ्यायची? तिनंही गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

लांबून पाहता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. बाहेरून सर्व्हरला त्याची आवृत्ती विचारता येते, पण शहाणा माणूस ते उत्तर झाकून ठेवतो, आणि हा धडाही काकांचाच. "घरात कुठल्या कंपनीचं कुलूप आहे हे रस्त्यावरच्या माणसाला सांगतेस का?" असं त्यांनी तिला विशीत असताना विचारलं होतं. त्यांच्या सर्व्हरला आवृत्ती विचारली की उत्तर यायचं, "आपणास काय करायचंय?" एरवी तिला त्याचं हसू यायचं. मंगळवारी संध्याकाळी तिनं ते तीनदा विचारून पाहिलं आणि तीनदा तेच उत्तर वाचलं.

बुधवारी मॅडमनी कागद पाठवला. दोन्ही नेमसर्व्हर दुरुस्त झाल्याचं लेखी हवं होतं. दोन ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे एक चौकट: स्वतः तपासले. ठमीनं कागद पर्समध्ये घातला, बिस्किटांचा पुडा घेतला आणि स्कूटर काढून कॉलेजात गेली. वाटेवर ती स्वतःलाच सांगत होती की ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, सरळ म्हणायचं, काका, मला बघायचंय. पण खोलीत पाय ठेवला आणि काकांचा चेहरा असा काही फुलला की तिच्या तोंडून निघालं, "इकडून चाललेच होते."

खोली होती तशीच होती. एका भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यात घरघरणारं यंत्र, टेबलावर पडदा, खिडकीत पाण्याची बाटली आणि खुर्चीवर काकूंनी शिवलेली उशी. काकांनी कोपऱ्यातल्या किटलीत चहा केला. चहा थोडा बशीत सांडला, पण एकाहत्तराव्या वर्षी तेवढं चालायचंच. मग तिला न विचारताच ते म्हणाले, "बघायचं असेल ना तुला? बघ की. लाजतेस काय?" आणि त्यांनी पडद्यावर यंत्रातल्या प्रोग्रॅमांची यादी उघडून दाखवली. नवी आवृत्ती तिथं होती. नंबर बरोबर, तारीख मंगळवारची. ठमीच्या जिवात जीव आला. आपण या माणसावर संशय घेतला याची तिला इतकी लाज वाटली की तिनं एका जागी तीन बिस्किटं खाल्ली.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा होता. सर्व्हर किती दिवस अखंड चालू आहे त्याचा. काकांनी त्याच्यावर बोट ठेवलं. "अकराशे त्रेचाळीस," ते म्हणाले. "एकदाही मान खाली नाही घातली त्यानं."

"कमाल आहे काका," ठमी म्हणाली. आणि ते तिनं मनापासून म्हटलं. या लोकांचं हेच असतं. कुणी मुलांचे मार्क सांगतं, कुणी गाडीचं अॅव्हरेज, ही मंडळी आपलं यंत्र किती दिवस बंद पडलं नाही ते सांगतात. काकांनी तिला हाच अभिमान शिकवला होता आणि ती त्याच अभिमानानं त्या आकड्याकडे पाहत राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. परत येऊन तिनं दोन्ही चौकटींत खूण केली, सही केली आणि कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला.

शुक्रवारी सकाळी बातमी आली की कुणीतरी तो वाकडा प्रश्न घेऊन दारोदार फिरायला लागलंय. जगभरातले नेमसर्व्हर एकामागून एक पडत होते. एका देशातली विमानांची तिकिटं अडली, एका शहराचे दवाखाने. साडेनऊला मॅडम स्वतः ठमीच्या टेबलापाशी आल्या. धिप्पाड बाई, आवाज मात्र बारीक. "आपलं काय?" त्यांनी विचारलं. "दोन्ही ठीक ना?"

"अगदी ठीक," ठमी म्हणाली. "काकांचा सर्व्हर तर मॅडम, अकराशे पंचेचाळीस दिवसांत एकदासुद्धा बंद झालेला नाही."

"वा," मॅडम म्हणाल्या आणि समाधानानं निघून गेल्या.

ठमी तशीच बसून राहिली. स्वतःचंच वाक्य तिच्या कानात परत वाजलं. एकदासुद्धा बंद झालेला नाही. अगं बाई, मग नवी आवृत्ती चालू कधी झाली? नवा प्रोग्रॅम यंत्रात आणून ठेवला म्हणून तो काम करायला लागत नाही. आधीचा थांबवावा लागतो, मग नवा उभा राहतो. नवी स्वयंपाकीण दारात आणून उभी केली म्हणून जेवण तिच्या हातचं होत नाही. आधीची ओट्यापासून बाजूला व्हावी लागते. काकांच्या यंत्रात मंगळवारपासून नवा प्रोग्रॅम नुसता पडून होता आणि उत्तरं देत होता तो जुनाच. तो आकडा तिच्या डोळ्यांसमोर होता. तिनं त्याचं कौतुक केलं होतं.

आणि मग दुसरं लक्षात आलं, ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. अकराशे पंचेचाळीस दिवस म्हणजे तीन वर्षं. या तीन वर्षांत अशा सहा-सात सूचना येऊन गेल्या होत्या आणि दर वेळी काकांनी "केलं" म्हणून सांगितलं होतं. यातलं एकही केलं नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. तिनं तीन वर्षं भीड धरली होती आणि भीक मागायची पाळी आली असती ती अकरा रक्तपेढ्यांवर.

ती वीस मिनिटांत कॉलेजात पोचली. लॅपटॉप खांद्याला, हेल्मेट हातातच. काका पेपर वाचत होते.

"काका, सर्व्हर बंद करून परत सुरू केला होता का तुम्ही?"

"हो, हो."

"नाही केला. आकडा समोर दिसतोय."

काकांनी पेपराची घडी घातली. चष्मा काढून पुसला. "आत्ताच काय घाई आहे? संध्याकाळी करू. आत्ता लोकांच्या कामाची वेळ आहे."

"आत्ता बाहेर कुणीतरी एकेक सर्व्हर पाडत सुटलंय. आपला नंबर कधीही लागेल. उठा, दोन मिनिटांचं काम आहे. मी करू का?"

"हात लावू नकोस," काका म्हणाले.

या आवाजात ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. ठमी हेल्मेट हातात घेऊन उभीच राहिली. तिला रागही आला होता आणि रडूही. काका यंत्राकडे बघत होते.

"मला ते वाक्य आठवत नाही, ठमे," ते म्हणाले.

कुठलं वाक्य हे तिला विचारावं लागलं नाही. काकांनी हा सर्व्हर उभा केला तेव्हाच त्याला एक कुलूप घातलं होतं. सुरू होताना तो आधी परवलीचं वाक्य मागायचा. बरोबर दिलं तर आतली नावांची यादी उघडायची. तीनदा चुकलं तर किल्ली स्वतःच पुसली जायची, म्हणजे चोरानं यंत्र उचलून नेलं तरी त्याच्या हाती काही लागू नये. ते वाक्य कुठंही लिहिलेलं नव्हतं. परवलीचं लिहून ठेवणारा आणि किल्ली दाराला टांगून जाणारा एकाच जातीचे, असं ते वर्गात सांगत.

"तीन वर्षांपूर्वी बंद करून परत सुरू केला होता," काका म्हणाले. "दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा कसंबसं जमलं. ते सुद्धा डोक्यातून नाही आलं, बोटांतून आलं. घाम फुटला होता मला. तुझी काकू म्हणाली, ताप आला का? त्यानंतर मी त्याला थांबवलंच नाही."

"मला सांगायचं ना काका."

"काय सांगायचं? की ज्यानं तुला शिकवलं त्याला आता आपल्याच घराचं कुलूप उघडत नाही?" ते थोडं हसले. "रोज सकाळी येतो आणि बसून आठवतो. कधी कधी चार शब्द येतात. पाचवा येत नाही."

ठमी खाली बसली. बाहेर व्हरांड्यात मुलांचा गलका चालला होता. तिच्या डोक्यात हिशेब सरळ होता आणि तो तिला करायचा नव्हता. थांबवला तर तो परत उठणार नाही. न थांबवला तर एका अनोळखी माणसाच्या एका प्रश्नानं पडणार. दोन्हीकडून काकांची खोली जाणार. प्राचार्यांनी जागा आधीच मोजून ठेवली असेल.

"मी नवीन यंत्र आणते," ती म्हणाली. "सगळं नव्यानं बसवू. इथंच, याच मांडणीत."

"आणशील. बसवशीलही. मग ते तुझं. तूच लांबून सांभाळशील, आणि मी इथं काय करू, खुर्ची ऊबदार ठेवू?" काका म्हणाले. मग उठून त्यांनी पाणी प्यायलं, आणि परत वळले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. वर्गातला झाला होता. "लॅपटॉप उघड. आधी नेमसर्व्हरांच्या यादीतून माझं नाव काढ."

"काका."

"उघड म्हणतो ना. यादीत नाव आहे आणि सर्व्हर पडलाय, याच्याइतकं वाईट काही नाही. निम्मे लोक आधी माझं दार ठोठावणार, उत्तराची वाट बघणार, मग तुझ्याकडे येणार. रक्त मागणाऱ्याला थांबवायचं नसतं. तुझ्याकडच्या यादीतून काढ, मग आपली नावं जिथं नोंदवलीत त्या वरच्या नोंदणीला कळव. त्यांच्याकडून एकदा नेलेली यादी इस्पितळांचे संगणक सहा तास जपून ठेवतात. तेवढे सहा तास हा जगायला हवा. मग पडू दे."

परवलीचे पाच शब्द न आठवणाऱ्या माणसानं हे सगळं एका दमात, एकही पायरी न चुकता सांगितलं. ठमी टाइप करत गेली. गेली चोवीस वर्षं त्या यादीत काकांच्या सर्व्हरची ओळ होती. ती ओळ पुसताना तिनं एकदा मान वर करून पाहिलं. काका पडद्याकडे बघत होते. "यादी बदलली की तिचा अनुक्रमांक वाढवायचा," ते म्हणाले. "नेहमी विसरतेस." ती खरंच विसरली होती.

हे सगळं होईतो साडेदहा झाले. सहा तास म्हणजे साडेचार. दोघं बसून राहिले. पडद्यावर दर मिनिटाला किती प्रश्न येतात त्याचा आकडा हलायचा आणि तो खाली आला की ठमी खुर्चीत पुढे सरकायची. बाराला काकांनी डबा उघडला, अर्धा तिच्यापुढे ठेवला. दोघांनाही जेवण गेलं नाही. काका अधूनमधून ओठ हलवत होते. ती समजली की ते शब्द लावून बघताहेत.

दीड वाजून काही मिनिटं झाली असतील. आकडा दोनशे सत्तर होता, तो एकदम शून्य झाला. मोठा आवाज नाही, दिवे गेले नाहीत, मांडणीतलं यंत्र घरघरतच होतं. फक्त प्रोग्रॅम बंद पडला होता आणि पडद्याच्या कोपऱ्यातला दिवसांचा आकडा नाहीसा झाला होता. त्याच्या वर शेवटच्या प्रश्नाची ओळ होती, वाकडी, अर्थ नसलेली. ती कुणी पाठवली, त्याचं रक्तपेढ्यांशी काय वैर होतं, हे कधीच कळणार नव्हतं. त्याला बहुतेक ठाऊकही नसेल की इथं रक्तपेढ्या आहेत.

ठमीचा फोन वाजला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रक्तपेढीतला तंत्रज्ञ होता. "ताई, स्क्रीन अडकतेय. पाच-सात सेकंद लागतात, मग येतंय. कधी कधी दोनदा दाबावं लागतं. इथं ऑपरेशनसाठी पिशव्या शोधतोय हो."

"येतंय ना पण?"

"येतंय. उशिरा येतंय."

"दाबत राहा. तीन तास असंच चालेल," ती म्हणाली. अजून तीन तास निम्मे लोक आधी या मेलेल्या दारावर येणार होते. तिचा एकटा सर्व्हर बाकीचं ओढत होता, आणि तो नीट दुरुस्त केलेला होता म्हणून ओढत होता. फोन ठेवला तोवर काका खुर्चीवर सरसावून बसले होते. त्यांनी सर्व्हर सुरू करायची आज्ञा दिली होती आणि पडद्यावर परवलीचं वाक्य मागणारी ओळ आली होती.

"बोटांना विचारतो," ते म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि टाइप केलं. चूक. त्यांनी हात मांडीवर पुसले. बराच वेळ थांबून पुन्हा टाइप केलं, मधे एकदा अडखळले, मागे आले, पुढे गेले. चूक.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "दुसरा पडलाय," त्या म्हणाल्या. "तू तपासला होतास ना? तुझी सही आहे माझ्यासमोर."

काका ऐकत होते. खोली एवढीशी, मॅडमचा बारीक आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. ठमीला खोटं बोलता आलं असतं. तपासला होता, नवी आवृत्ती होती, कसा पडला कळत नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तर खऱ्याही होत्या.

"नीट तपासला नव्हता, मॅडम," ती म्हणाली. "नवी आवृत्ती फक्त आणून ठेवली होती, चालू नव्हती. ते मला दिसायला हवं होतं. मी न बघता सही केली. त्याचं नाव यादीतून काढलंय, साडेचारपर्यंत सगळं सुरळीत होईल."

"उद्या सकाळी माझ्याकडे ये," मॅडम म्हणाल्या. "आणि तो दुसरा आता दुसरीकडे कुठंतरी ठेवावा लागेल. त्यांना तू सांगशील की मी सांगू?"

"ऐकलं त्यांनी," ठमी म्हणाली.

फोन बंद झाला. पडद्यावर ती ओळ तशीच होती. एक प्रयत्न शिल्लक होता.

"राहू द्या काका," ठमी म्हणाली. "घरी जाऊन झोपा जरा. शांतपणे आठवेल. उद्या करून बघा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण ती लहानपणी गणित अर्धवट सोडून पळायची तेव्हा पाहायचे तसं. "हा शिल्लक ठेवला ना," ते म्हणाले, "तर मी रोज इथं येऊन बसणार. प्राचार्यांना सांगणार, आज उठेल, उद्या उठेल. आणि तू मला रोज येऊ देणार. मी तुला ओळखतो. मी तीन वर्षं खोटं बोललो ते तुला माहीत नव्हतं असं नाही. तुला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं."

हे खरं होतं. तिनं मान खाली घातली.

काकांनी चष्मा नीट केला. या वेळी डोळे मिटले नाहीत. एकेक अक्षर बघून, सावकाश, पाचही शब्द टाइप केले. पाचवा शब्द टाकताना ते एकदा थांबले, मग जो सुचला तो टाकला आणि बटण दाबलं. यंत्रानं एक ओळ लिहिली, किल्ली पुसली गेल्याची, आणि पुढे काहीच लिहिलं नाही. काकांनी हात पुढे करून मांडणीतलं मागचं बटण बंद केलं. घरघर थांबली तेव्हा व्हरांड्यातल्या मुलांचं बोलणं शब्द न् शब्द ऐकू यायला लागलं.

ठमीनं डबा आवरला, पाण्याची बाटली त्यांच्या पिशवीत ठेवली. काका खुर्चीवरून उठले नव्हते.

"उद्या सकाळी मी कुठं जायचं, ठमे?" त्यांनी विचारलं.

तिला माहीत नव्हतं, आणि तिनं त्यांना तसंच सांगितलं.